सारख्या चुका

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई उत्तरपत्रिका तपासताना बरोबर उत्तरांकडे फारसं बघत नसत. बरोबर उत्तरावर टीक मारून पेन पुढे सरके. चूक दिसली की मात्र तो थांबे. मग बाई चष्मा कपाळावर चढवत, कागद डोळ्यांजवळ नेत आणि ती चूक दोन-तीनदा वाचत.

"बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात," त्या म्हणत. "त्यात काय बघायचं? चूक सारखी निघाली, की बसून बघायचं."

शाळा हैदराबादच्या जामबागेत आहे. जुनी, मराठी माध्यमाची, वर्ग मोठे आणि मुलं थोडी. मी तिथे मराठी शिकवते. मुलं घरी मराठी, रस्त्यावर दखनी आणि वर्गात दोन्हीची मिसळ बोलतात. मी कंत्राटी शिक्षिका म्हणून लागले तेव्हा बाई निवृत्तीला सहा वर्षं राहिलेल्या, सबंध शाळेला धाक असलेल्या शिक्षिका होत्या. त्या कोणालाही नावानं हाक मारत नसत. विषयानं मारत. "भूगोल, तुझा तास संपला." "सायन्स, कपाटाची किल्ली कुठाय?" मी पहिल्या दिवसापासून "मराठी" झाले ती शेवटपर्यंत.

त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ असे आणि पर्समध्ये दुसरं. शाळेच्या भिंतीवरचं तिसरं त्यांच्या मते चपराशाच्या सोयीनं चालणारं. दूधवाल्यासमोर त्या दुधात बोट बुडवून थेंब नखावर ठेवत आणि तो ओघळेपर्यंत त्याला दारात उभा करत. राहायला काचीगुड्याला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, पण गुडघे दुखत असूनही त्या जिन्यानंच जात. "मधेच बंद पडली तर आत मी आणि बाहेर कोण? वॉचमन. तो बटण दाबेल याची काय हमी?" उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना त्या दोऱ्याला अशी गाठ मारत, की सोडून पुन्हा तशीच बांधणं कोणाला जमू नये. कोणी म्हणालं, "बाई, थोडा विश्वास ठेवा माणसांवर," तर म्हणत, "विश्वासाला काय लागतं? डोळे मिटले की झालं."

मी येण्याआधीची एक गोष्ट शाळेत सगळे सांगत. काम आणि मजुरांच्या गणितात दोन मुलांचं उत्तर आलं होतं साडेतीन मजूर. एकच चुकीची पायरी, एकच साडेतीन. दोघांना कॉपीबद्दल उभं केलं. एक मुलगा रडत रडत सांगत राहिला, की मी बघून लिहिलं नाही, आमच्यात दोन बाकांचं अंतर होतं. दुसरं कोणी असतं तर शिक्षा देऊन मोकळं झालं असतं. बाईंनी अंतर मोजलं. मग दोघांच्या घरी गेल्या आणि शोधून काढलं, की दोघं एकाच शिकवणीला जात होते आणि ती चुकीची पायरी मास्तरांनीच शिकवली होती. बाई त्या मास्तरांकडे जाऊन त्यांच्याकडून तेच गणित सोडवून घेऊन आल्या. साडेतीन मजूर. मुलांची माफी त्यांनी मागितली नाही, फक्त दोघांचा एकेक गुण परत दिला.

गोष्ट सांगणारे हसत. मला हसू यायचं नाही. शिकवणीच्या मास्तरांच्या घरापर्यंत जाणारी ही बाई माझ्यामागे लागली तर कुठपर्यंत जाईल, असंच मनात यायचं.

आणि नोकरीच्या तिसऱ्या वर्षी ती माझ्यामागे लागली.

त्या वर्षी पावसाळ्यापासून माझे हात दुखायला लागले होते. सकाळी उठलं की बोटं मिटत नसत. ब्रश धरता येत नसे, केसांत क्लिप लावता येत नसे. पाय जमिनीवर टेकले की तळव्यांखाली कोणी खडे पसरल्यासारखं वाटे. दहा-साडेदहापर्यंत हळूहळू सगळं सैल होई, आणि दुपारी मी जवळजवळ चांगली असे. थकवा मात्र दिवसभर असायचा, संध्याकाळी अंग कोमट लागायचं. वय चौतिसावं.

आईला सांगितलं तर ती गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाली, "अगं, आपल्या घराण्यात सांधे असेच. तुझ्या आज्जीचे गुडघे तसेच, माझे तसेच. तुझं जरा लवकर यायलंय, एवढंच." गल्लीतल्या डॉक्टरांनीही आईचे गुडघे पाहिलेले होते. म्हणाले, झीज आहे, खडू धरून धरून झालं असेल. सांधेदुखीची एक रक्तचाचणी त्यांनी करून घेतली, ती निगेटिव्ह आली. "बघा, संधिवात नाही," असं म्हणून त्यांनी वेदनाशामक गोळ्या आणि कॅल्शियम लिहून दिलं. मी ते मान्य केलं. मला कोणी काही ठामपणे सांगितलं की मी मान्य करते. वाचणाऱ्या माणसाची ही खोड असावी, छापलेलं आणि ठामपणे सांगितलेलं त्याला खरंच वाटतं. गोळीनं चार तास बरं वाटे.

शाळेत मी कोणाला काही सांगितलं नाही. कंत्राट दर एप्रिलमध्ये नवं होत असे. मुलं कमी झाली होती आणि व्यवस्थापन एखादा शिक्षक कमी करण्याचं निमित्त शोधत आहे, असं सगळे म्हणत. फळ्यावर लिहिता न येणारी मराठीची शिक्षिका हे चांगलं निमित्त होतं. म्हणून पहिल्या दोन तासांना मी मुलांना मोठ्यानं वाचायला लावी. पाण्याच्या बाटलीचं झाकण एखाद्या मुलीला उघडायला सांगी. वह्या तपासायचं काम जेवणानंतरवर ढकली. मला वाटत होतं, कोणाच्या लक्षात येत नाही.

एक दिवस चपराशी मकबूलभाईंनी मला व्हरांड्यात थांबवलं. "मैडम, जरा संभालके रहना. वो मॅथ्स मैडम आपका टाइम लिख रैं."

"माझं? का?"

"क्या मालूम. मेरा बी लिखते थे पैले. मेरी तो आधी तनखा कटी थी."

त्या दिवसापासून मी बाईंकडे बघायला लागले, आणि त्या माझ्याकडे बघत आहेत हे दिसायला लागलं. माझ्या वर्गाबाहेरून त्या दिवसातून तीनदा जात. पहिल्या तासाला दाराशी क्षणभर थांबत आणि माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हातांकडे बघत. मी हात पदराखाली घेई. मग त्यांच्या चेहऱ्यावर ती चूक सापडल्याची शांतता येई.

माझी वेळ लिहायची त्यांची वही मी पाहिली ती चोरून, हे कबूल केलं पाहिजे. बाई मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खोलीत गेल्या होत्या आणि वही टेबलावर पालथी होती. मी ती सुलटी केली. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

सोमवार. ८.२० — बाटलीचं झाकण मुलीकडून उघडवलं. ८.४० — फळा कोरा. १०.५० — फळा भरून लिहिला, अक्षर चांगलं. १.०० — डबा स्वतः उघडला. २.३० — जिना भरभर उतरली.

मंगळवार. तसंच. बुधवार. तसंच.

पाच आठवड्यांच्या नोंदी होत्या. शेवटच्या पानावर अधोरेखित केलेलं एक वाक्य होतं: सकाळी दुखतं, दुपारी थांबतं. टाळाटाळ.

मी वही होती तशी पालथी ठेवली. त्या रात्री मी एप्रिलनंतर काय करायचं याचाच विचार करत राहिले. शिकवणी घ्यायची तरी हातात खडू हवा.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत दोघीच होतो तेव्हा बाई स्वतःच म्हणाल्या, "मराठी, वही वाचलीस तू काल."

मी वहीकडे बघितलं.

"पालथी ठेवली होती मी, पण टेबलाच्या कडेला कड लावून. तू बोटभर आत ठेवलीस. असू दे, वाचायलाच हवी होती. शनिवारी मोठ्या बाईंना देणार आहे."

"बाई, माझे सांधे दुखतात. सोंग नाही."

"माझेही दुखतात." त्यांनी आपला उजवा गुडघा थोपटला. "पंधरा वर्षं. सकाळी उठल्यावर दहा मिनिटं आखडलेला असतो, चहा उकळेपर्यंत सुटतो. मग दिवसभर उभं राहिलं, जिने चढले, की संध्याकाळी ठणकायला लागतो. बसलं की बरं. दुखणं असं असतं, काम केलं की वाढतं. तुझं उलटं. कामाच्या वेळेला दुखतं आणि शाळा सुटायच्या वेळेला पळून जातं. इतकं सोयीचं दुखणं मी बघितलेलं नाही."

"पण ते तसंच आहे."

"किती वाजता उठतेस?"

"साडेपाचला."

"हात कधी सुटतात?"

"दहा. कधी साडेदहा."

"म्हणजे पाच तास." त्यांनी वही उघडली. "आणि रविवारी?"

"रविवारीही तसंच."

"शाळा नसताना?"

"शाळेचा काय संबंध बाई? दिवाळीत पहाटे रांगोळीची चिमूट धरता आली नाही मला. आईनं काढली. मी नुसती बसले होते शेजारी."

बाईंनी पेनाचं टोपण दोनदा काढून लावलं. मग म्हणाल्या, "रविवारी तू कोणासाठी सोंग करशील?"

हा प्रश्न मला नव्हता. त्या स्वतःलाच विचारत होत्या.

"हात दे इकडे. एक नाही, दोन्ही."

सकाळचे नऊ वाजले असतील. त्यांनी माझे दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन उत्तरपत्रिका ठेवाव्यात तसे, आणि चष्मा कपाळावर चढवून त्यांच्यावर वाकल्या. बोटाच्या टोकानं एकेक सांधा दाबत गेल्या. आधी उजवा, मग तोच सांधा डावा. तर्जनीचं मूळ, इकडे सूज, तिकडेही सूज. मधल्या बोटाचं मूळ, तसंच. मधल्या बोटाचं मधलं पेर, तसंच. दोन्ही मनगटं.

मग त्यांनी स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी ठेवला. "हे बघ माझं. शेवटच्या पेरांवर गाठी आल्यात. दाबून बघ, हाडासारख्या कडक आहेत. या हाताला दोन आणि या हाताला एकच. गुडघ्याचंही तेच, उजवा जास्त, डावा कमी. जिथं जास्त वापरलं तिथं जास्त घासलं. तुझी शेवटची पेरं एकदम चांगली आहेत. आणि ही सूज मऊ आहे, पिकल्या चिकूसारखी. गरम आहे." त्या पुन्हा एकदा दोन्ही हातांवरून बोट फिरवत गेल्या. "खडू तू कोणत्या हातानं धरतेस?"

"उजव्या."

"मग डाव्यानं काय केलं होतं?"

मी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"उजव्यात जी चूक, तीच डाव्यात, त्याच जागी," बाई म्हणाल्या. "ही झीज नाही, मराठी. ही कॉपी आहे. कोणीतरी पुरवायलंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी पाच आठवडे माझ्यावर नजर ठेवली होती आणि त्यांचा आदर्श नमुना होता त्यांचा स्वतःचा गुडघा. माझं दुखणं त्या नमुन्याशी जुळत नव्हतं, म्हणून ते खोटं ठरलं होतं. आता त्यांनी नमुनाच बाजूला ठेवला. माझ्यावरचा संशय उठवला असं त्या म्हणाल्या नाहीत. तो तिथून उचलून दुसरीकडे नेला, एवढंच.

"तुझा डॉक्टर कोण?"

गल्लीतल्या डॉक्टरांनी एक चाचणी केली आणि ती निगेटिव्ह आली, असं मी सांगितलं.

"एका प्रश्नात काही सापडलं नाही म्हणून पेपर सोडून दिला त्यानं? हात दाबून बघितले?"

"नाही. गुडघे बघितले."

"तुझे?"

"आईचे."

बाई जोरात हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच शनिवारी, जेव्हा वही मोठ्या बाईंच्या टेबलावर जायची होती, तेव्हा ती सिकंदराबादच्या एका दवाखान्यात संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या टेबलावर गेली. बाई मला रिक्षात घालून घेऊन गेल्या. वाटेत रिक्षावाला लांबच्या रस्त्यानं नेतोय म्हणून त्याच्याशी भांडल्या, आणि तो खरोखरच लांबच्या रस्त्यानं नेत होता.

डॉक्टर तेलुगू होते, पण हैदराबादी हिंदी बोलत. त्यांनी मला विचारलं, कधीपासून, सकाळी किती वेळ. मी "थोडा वेळ, म्हणजे बराच" असं काहीतरी पुटपुटायला लागले, तोवर बाईंनी वही पुढे सरकवली.

"ये पढो. पांच हफ्ते का है. टाइम के साथ."

डॉक्टरांनी वाचलं. पान उलटलं. आणखी एक पान उलटलं. "ये कौन लिखे अम्मा?"

"मैं. इसकी कम्प्लेंट करने के वास्ते लिखी थी."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि हसू आवरलं. म्हणाले, इतकी नीट हकीकत मला पेशंट स्वतःची स्वतः कधी सांगत नाहीत. मग त्यांनीही तेच केलं जे बाईंनी केलं होतं. सांधे एकेक करून दाबले, पायांचेसुद्धा. आणखी रक्तचाचण्या आणि हातापायांचे एक्स-रे सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी निदान सांगितलं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आधीची ती एक चाचणी काही जणांत निगेटिव्हच येते, तेवढ्यावर ठरवत नाहीत. माझी दुसरी चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली होती.

बाईंना ते पटवून घ्यायचं होतं. "म्हणजे माझ्या गुडघ्यात आहे तेच ना, जरा जोरात?"

"नै अम्मा, बिल्कुल अलग. आपके घुटने की गद्दी घिस गई. उमर, वजन, सीढ़ियां. इनका कुछ घिसा नहीं. बदन में जो पहरेदार रहते ना, बीमारी को रोकने वाले, वोइच इनके जोड़ों पे हमला कर रैं. इसीलिए सूजन, गरमी, थकान. और वो दोनों तरफ एकसाथ जाते."

बाई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे सुपरवायझरच चिठ्ठ्या वाटायलाय."

मी भाषांतर केलं. डॉक्टर मोठ्यानं हसले. पण लगेच एक्स-रे दिव्यासमोर धरून त्यांनी डाव्या हाताच्या एका हाडाच्या कडेला पेनचं टोक लावलं. तिथे उंदरानं कुरतडल्यासारखी एक लहानशी खाच होती. हे आता भरून येणार नाही, ते म्हणाले. झिजणाऱ्या दुखण्याला माणूस काही वर्षं सांभाळत बसू शकतो, व्यायाम करत, वजन कमी करत. या दुखण्यात सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे. वेदनाशामक गोळीनं दुखणं दबतं, कुरतडणं थांबत नाही. माझे सात महिने गेले होते.

माझं डावं मधलं बोट आजही पूर्ण मिटत नाही. बाकीची नऊ मिटतात.

औषध होतं आठवड्यातून एकदा घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी एक जीवनसत्त्वाची गोळी. दुकानदारानं पाकिटावर सवयीनं "रोज एक" लिहिलं. बाईंनी काउंटरवर उभं राहून चिठ्ठी आणि पाकीट शेजारी शेजारी धरलं.

"भैया, चिठ्ठी में हफ्ते में एक है. तुम रोज लिखे."

"गलती से हो गया अम्मा. छोडो ना."

बाईंनी सोडलं नाही. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि ही गोळी रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, हे त्यांच्या तोंडून दुकानदाराला ऐकवलं. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "या गलतीत माझी मराठी मेली असती."

मग मोठ्या बाईंकडे गेल्या. मी बाहेर उभी होते, दार अर्धं उघडं होतं. "मी हिच्यावर टाळाटाळीचा संशय घेतला होता," बाई आत सांगत होत्या. "तो चुकीचा निघाला. असं लिहून घ्या. आणि एप्रिलमध्ये हिला काढायचं झालं, तर कारण दुसरं शोधा, हे चालणार नाही." पहिले दोन तास मला फळ्याचं काम नसलेले देण्यात आले. कंत्राट नवं झालं. पुढच्या एप्रिलमध्येही झालं. माझी माफी त्यांनी मागितली नाही, आणि मलाही ती हवी होती असं नाही.

स्वतःच्या गुडघ्यांबद्दल मात्र त्या कोणाचं ऐकत नसत. डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सांगितले, काठी घ्या म्हणाले, लिफ्ट वापरा म्हणाले. व्यायाम त्या करत, कारण ते त्यांना स्वतःला मोजता येत. काठी घेतली नाही. "काठी बघून लोक बाजूला होतात. कारण नसताना बाजूला होणारी माणसं मला आवडत नाहीत."

निवृत्तीनंतर त्या सोमवारी फोन करत. माझी गोळी रविवारी असे. "घेतलीस का?" असं त्यांनी कधीच विचारलं नाही. म्हणत, "पाकिटाचा फोटो पाठव." मी रविवारी गोळी काढली की लगेच पाकिटाचा फोटो काढून ठेवायची आणि सोमवारी पाठवायची. त्या गोळीनं दुसऱ्या दिवशी मळमळायचं. बोटंही आता बरी होती. एका रविवारी मी गोळी घेतलीच नाही आणि सोमवारी मागच्या आठवड्याचा फोटो पाठवला.

पाच मिनिटांत फोन आला. "मराठी, काल सबंध हैदराबादवर ढग होते. तुझ्या पाकिटावर ऊन कुठून पडलं?"

मी फोटो उघडून पाहिला, पाकिटावर ऊन होतं.

"मळमळतं का?"

"हो."

"मग ते डॉक्टरला सांग. मला फोटो काय पाठवतेस?" आणि फोन ठेवला. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, मळमळ कमी झाली.

मला त्यांचा राग यायचा, हे लिहायला हवं. माझ्या आयुष्यात इतर सगळी माणसं माझ्यावर विश्वास ठेवणारी होती. आई, मोठ्या बाई, गल्लीतले डॉक्टर. मी ठीक आहे म्हटलं की त्यांना मी ठीक वाटे. अफझलगंजच्या ग्रंथालयात मी तासन्‌तास वाचत बसे, तिथला माणूससुद्धा माझं ओळखपत्र न बघता मला आत सोडी. एकट्या बाईंनी मला कधी सहज सोडलं नाही. त्या फोनच्या वेळी मी कधी कधी मुद्दाम आंघोळीला जाई. त्या पुन्हा करत.

या हिवाळ्यात त्यांना छातीचा संसर्ग झाला आणि दवाखान्यात ठेवलं. मी शाळा सुटल्यावर गेले. ऑक्सिजनची नळी लावलेली होती, तरी त्या सलाईनचे थेंब मोजत होत्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"मिनिटाला चाळीस म्हणाली ती नर्स. छत्तीस आहेत."

"मी सांगते तिला."

"मी सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे. कशी बरोबर?" त्यांना दम लागला. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शाळा सुटून आलीस की मधेच?"

"सुटून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "हं," म्हणाल्या. वेळ जुळत होती.

दोन दिवसांनी त्या गेल्या. पुण्याहून भाचा आला होता, त्यानं सगळं केलं. दवाखान्यातून घरी नेलं, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली आणताना लिफ्ट लहान पडली, म्हणून जिन्यानंच आणलं. शाळेत शोकसभा झाली. भूगोल बोलली, सायन्स बोलली. मला बोलता आलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गोळी घेतली नाही. ठरवून नाही. घरात कुठल्याच कामात जीव नव्हता, त्यात ते एक राहिलं. पुढच्या रविवारी पाकीट हातात घेतलं आणि परत ठेवलं. सोमवारी फोन वाजला नाही. मग तिसराही रविवार तसाच गेला. चौथ्या आठवड्यात सकाळी ब्रश धरताना मला ती जुनी जागा बोटांत पुन्हा जाणवली, आधी उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे.

तपासणीची तारीख होतीच. सिकंदराबादला गेले. मोठे डॉक्टर नेहमीचेच होते, पण आधी एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेतात. त्यांच्यापुढे संगणक होता, आणि पडद्यावर प्रश्न एकाखाली एक.

"गोळी नियमित चालू आहे ना मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. एक कळ दाबली. पडद्यावर एक बारीक हिरवी खूण उमटली आणि ते पुढच्या प्रश्नावर गेले. ताप? नाही. भूक? ठीक. त्यांनी माझं उत्तर घेतलं आणि त्याचं काही केलं नाही. ते भले होते, थकलेले होते, बाहेर बाकावर माणसं बसली होती. मी सांगितलं तेवढं त्यांना पुरलं.

ती हिरवी खूण अजून पडद्यावर होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते नियमितचं खोडा. तीन आठवडे मी गोळी घेतलेली नाही. मी आत्ता खोटं बोलले."

तेव्हा त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.